बारा टक्क्यांवर बंद

घरात कापूस भरला की वर्षालीला आनंद व्हायचा, पण त्याचं कारण सासरी कुणालाच धड कळायचं नाही. सासऱ्याला, चंद्रभानला, कापूस दिसला की पीक हाती आल्याचं समाधान, सासूला, देवकाबाईला, घर भरल्यासारखं वाटायचं. वर्षालीला, त्यांच्या मोठ्या सुनेला, मात्र त्या खोलीतली शांतता हवी असायची. मागच्या अंगणातली ती लांबोडकी खोली एरवी ठणठण वाजायची. दारात शिंकलं तर आतून दुसरी शिंक परत यायची. पण दिवाळीनंतर तिथे पत्र्याला टेकेपर्यंत कापूस रचला, की सगळा घुमारा तो कापूस पिऊन टाकायचा. ट्रॅक्टर नाही, कोंबडा नाही, हायवेवरच्या ट्रकचा भोंगा नाही. दाराजवळ कापूस जरा दाबून बसण्यापुरती जागा केली, मांडीवर लॅपटॉप घेतला, ओढणीला छोटा माइक टाचला आणि कानाला हेडफोन लावला, की नागपूरच्या स्टुडिओत मिळणार नाही असा कोरडा, स्वच्छ आवाज तिथे मिळायचा.

तिथे बसून ती पुस्तकं वाचायची. मोठ्यानं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी.

लग्नाआधी ती वर्ध्यात शिकवण्या घ्यायची. लॅपटॉप तेव्हाचा, स्वतःच्या कमाईतला. तिथल्याच एका वाचकगटात ती सामील झाली होती. ज्याला जे पुस्तक हवं ते गटातल्या कुणीतरी वाचून रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं. लग्न होऊन हायवेवरच्या जाम गावापासून आत असलेल्या या गावात आली, तरी तिनं ते सोडलं नाही. सासरी त्याला 'वर्षालीचं वाचन' म्हणत. दळण, भाजी, गायीची वैरण, आणि मग वेळ उरला तर वर्षालीचं वाचन. त्याचा कुणाला त्रास नव्हता आणि कुणाला कौतुकही नव्हतं.

त्या हंगामात ती दीपमालाताईसाठी वाचत होती. दीपमालाताई वर्ध्याच्या एका सरकारी कार्यालयात टेलिफोनवर बसायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. तिच्यामागून नोकरीला लागलेली माणसं कारकून झाली, वरिष्ठ झाली, त्यातले काही तिला 'दीपमाला, जरा साहेबांना लावून दे' असं सांगण्याइतके मोठे झाले, आणि ती त्याच खुर्चीवर 'नमस्कार, बोला' म्हणत राहिली. आता तिनं विभागीय परीक्षेचा अर्ज भरला होता. परीक्षेसाठी नियमांचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्याची प्रत इतकी जुनी आणि फिकट, की मोबाइलमधलं वाचणारं यंत्र दर ओळीला अडखळायचं.

"रजेचा राजा करते ते," दीपमालाताई फोनवर सांगायची. "राजा मंजूर करावी म्हणते. आता कोन्या राजाले मंजूर करू मी?"

म्हणून वर्षाली वाचत होती. पुस्तक तिला आधी रुक्ष वाटलं होतं. पण प्रत्येक प्रकरण पाठवल्यावर दीपमालाताईचा फोन यायचा, आणि कोणता नियम आपल्या कार्यालयात कोण कसा वाकवतो हे ती असं रंगवून सांगायची, की पुढचं प्रकरण वाचताना वर्षालीला त्या साहेबांचे चेहरे दिसायला लागायचे. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं. चौकशी आणि शिक्षेचं, सगळ्यात लांब. परीक्षेत हमखास त्यावर प्रश्न असतात असं ताईचं म्हणणं. परीक्षा सोमवारी होती.

कापसाच्या खोलीत वीज नव्हती. चंद्रभानचा तो नियम होता आणि त्याला कारण होतं. गावात एकाच्या कोठ्यात वायरीची ठिणगी पडून हंगामाचा सगळा कापूस गेलेला त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हापासून त्याच्या कापसाच्या खोलीत बल्ब नाही, बटण नाही, बिडी ओढणारा माणूस तर दाराशीही उभा राहायचा नाही. वर्षालीनं हा नियम कधी मोडला नाही. वरच्या झरोक्यातून ऊन येईल तोवर वाचायचं आणि लॅपटॉप बॅटरीवरच चालवायचा.

बॅटरी जुनी होती. वाचताना डोळे पुस्तकात असायचे, स्क्रीनकडे बघायला फुरसत नसायची. म्हणून तिनं लॅपटॉपला शिकवून ठेवलं होतं, की बॅटरी दहा टक्क्यांवर आली की तू झोपायचं. स्लीप. हेडफोनमधला आवाज थांबतो, स्क्रीन काळी होते, पण आत जे चाललं होतं ते तसंच धरून ठेवलेलं असतं. मग ती लॅपटॉप घेऊन मधल्या घरात यायची, चार्जर लावायची, एक बटण दाबायची, की रेकॉर्डिंग जिथं थांबलं तिथंच समोर उभं. तिच्याकडचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर जुनं होतं. मध्ये सेव्ह करायचं तर रेकॉर्डिंग बंद करावं लागे, आणि तुकडे जोडले की आवाजाची पातळी खालीवर होई. त्यामुळे ती अख्खं प्रकरण वाचूनच सेव्ह करायची. दोन हंगाम असंच चाललं होतं. लॅपटॉपनं एकदाही दगा दिला नव्हता.

त्या शुक्रवारी दुपारी ती वाचायला बसली. शनिवारी सकाळी कापूस न्यायला गाडी येणार होती. कापूस गेला की खोली पुन्हा ठणठणणार, हे तिला माहीत होतं, म्हणून सकाळची सगळी कामं तिनं लवकर उरकली होती. वाचन छान लागलं. चौकशी अधिकारी, दोषारोप, बचावाची संधी. शेवटचं पान उलटलं तेव्हा झरोक्यातलं ऊन भिंतीवरून वर सरकत होतं आणि घसा कोरडा पडला होता. शेवटची ओळ संपता संपता हेडफोनमधला आवाज थांबला होता. तो काढून तिनं मांडीवर पाहिलं. स्क्रीन काळी.

"झोपला वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली आणि समाधानानं अंगावरचा कापूस झटकत उठली.

मधल्या घरात येऊन तिनं चार्जर लावला, बटण दाबलं. स्क्रीनवर रेकॉर्डिंग आलं नाही. कंपनीचं चिन्ह आलं, खाली गोल गोल फिरणारे ठिपके आले. नवा सुरू होताना येतात तसे. ती बघत राहिली. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं तर ते कोरं होतं. तिनं फोल्डर शोधले, कचऱ्याची टोपली शोधली, तारखा लावून शोधलं. प्रकरण कुठेच नव्हतं. एक ओळही नाही.

आधी तिला वाटलं, लॅपटॉप बिघडला. मग तिनं बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. तिचं 'दहा टक्क्यांवर झोप' जागच्या जागी होतं. पण त्याच्या खाली, जिथं तिनं कधी हात लावला नव्हता तिथं, नवीन आकडा बसलेला होता. बॅटरी बारा टक्क्यांवर आली की शटडाऊन. बंद. म्हणजे झोपायची वेळ यायच्या आधीच लॅपटॉप मरणार. दहावर काय करायचं हे सांगितलेलं होतं, पण दहापर्यंत तो आता कधी पोचणारच नव्हता.

लॅपटॉप आपोआप असं ठरवत नसतो. कुणीतरी ठरवलं होतं.

*

आदेश, तिचा दीर, संध्याकाळी जामच्या चौकातून आला. चौकात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. घरात आणि अर्ध्या गावात काहीही विजेवर चालणारं बिघडलं की 'आदेशले दाखव' असंच म्हणत. तो हातपाय धुवून चहाला बसला तेव्हा वर्षालीनं लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला.

"भाऊजी, हे सेटिंग कुणी बदललं?"

आदेशनं वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मीच. रविवारी मॅच पाहाले घेतलता ना, तवा. तुमचं ते स्लीपचं सेटिंग एकदम चुकीचं होतं वहिनी. स्लीपमध्ये लॅपटॉप बॅटरी खातच राह्यते. खाऊन खाऊन सेल मरते. म्हणून मी बारावरच शटडाऊन टाकून देल्लं. आता बॅटरी दोन वर्षं जास्त चालन, लिहून घ्या."

"मला सांगितलं का नाहीत?"

"त्यात काय सांगाचं? चांगल्यासाठीच केलं ना."

तिनं काय झालं ते सांगितलं. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण 'एक ओळही नाही' म्हणताना आवाज फुटला. घसा आधीच बसला होता, त्यामुळे तो भलताच किनरा निघाला आणि देवकाबाई चुलीपासून उठून आल्या.

"काय झालं वं?"

"तिचं वाचन पुसल्या गेलं," आदेश म्हणाला. "पन वहिनी, तुमी सेव्ह काऊन नाई केलं? दर पाच मिनिटाले सेव्ह कराचं असते. ही तं बेसिक गोष्ट आहे."

तेवढ्यात तिचा नवरा सचिन आला. समुद्रपूरला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, ते बंद करून. त्यानं पायातली चप्पल काढता काढता सगळं ऐकलं आणि बायकोला म्हणाला, "तू बी जरा सेव्ह करत जा ना."

वर्षालीच्या डोक्यात काहीतरी सणकलं. अर्ध्या तासात घरातल्या प्रत्येकाला तोच एक शब्द सापडला होता. सेव्ह. ज्या बाईनं आयुष्यात लॅपटॉपला बोट लावलं नव्हतं, त्या देवकाबाईंनीही आता तोच उचलला. "हो ना, ते सेव का काय ते करून टाकाचं. आता त्यानं मुद्दाम थोडी केलं? आपल्याच घरचं लेकरू. पुन्हा वाच. तुले तं वाचाची हौसच आहे."

"हौस?" वर्षाली म्हणाली.

तिनं सचिनकडे बघितलं. "तुमच्या दुकानातल्या बियाण्यांच्या पिशव्यांवरची नावं मी उद्या जाऊन बदलली तर चालेल? चांगल्यासाठी? दिसायला बरं दिसतं म्हणून?"

"अगं, ते अलग आहे."

"काय अलग आहे?"

"ते दुकान आहे वर्षाली. धंदा आहे."

"आणि भाऊजींची गाडी? तिची हवा कुणी तपासायची म्हटलं तरी चालत नाही त्यांना. मामाजींच्या कापसाच्या खोलीत मी दोन वर्षं एक वायर नेली नाही. आईंच्या देव्हाऱ्यात मी विचारल्याशिवाय समईची वात सरकवत नाही. मग माझ्याच वस्तूला कुणालाही केव्हाही हात लावायची मुभा का?"

"घरात माझं-तुझं करून राह्यली आता," देवकाबाई म्हणाल्या आणि पुन्हा चुलीकडे गेल्या. त्या तिकडून भांडी आपटत असल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

चंद्रभान ओसरीवर बसून हे सगळं ऐकत होता.

*

तिनं दीपमालाताईला फोन केला. मागच्या दारी पायरीवर बसून सगळं सांगितलं. सांगताना तिची अपेक्षा होती, की ताई नेहमीसारखी हसेल, 'असू दे, होते' म्हणेल. ताई हसली नाही.

"ताई?"

"हो, आहे मी. मले थोडा राग येऊ दे, वर्षाली," दीपमालाताई म्हणाली. "तुह्यावर नाई. असाच येऊ दे. 'काई हरकत नाई' म्हणून म्हणून माझी अर्धी जिंदगी गेली. कोणी पुस्तक द्याचं विसरलं, काई हरकत नाई. कोणी परीक्षेले लेखनिक पाठवला नाई, काई हरकत नाई, पुढच्या वर्षी. आज म्हणत नाई. आज हरकत आहे मले."

वर्षालीला एकदम हलकं वाटलं. दुपारपासून कुणीतरी पहिल्यांदा झाल्या गोष्टीला झाली म्हणत होतं.

"तुह्या दिराले फोन दे," ताई म्हणाली.

"ताई, राहू दे."

"काऊन राहू दे? मी दिवसभर साहेबांशीच बोलतो. दे."

आदेश ओट्यावर मोबाइल बघत बसला होता. वर्षालीनं फोन त्याच्या हातात दिला आणि स्पीकर लावला.

"हॅलो, आदेश बोलून राह्यले का? मी दीपमाला, वर्ध्यावरून. माझ्यासाठी तुमची वहिनी वाचत होती."

"हो म्याडम. ते जरा बॅटरीचं झालं. म्हणजे स्लीपमध्ये काय होते, की सेल—"

"बॅटरीचं सोडा. मी अभ्यास करत होतो आणि तुमी येऊन माह्या हातातलं पुस्तक मिटलं. डोळे असलेल्या माणसाच्या हातातलं मिटलं असतं का?"

"मले माहीतच नव्हतं म्याडम का तुमी..."

"माहीत नव्हतं, म्हणूनच विचाराचं असते ना," दीपमालाताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. टेलिफोनवर आयुष्य काढलेल्या बाईचा आवाज होता तो, प्रत्येक अक्षर सुटं. "ठेवतो. वर्षालीले द्या."

आदेशचे कान लाल झाले होते. फोन परत देताना तो म्हणाला, "कोन कुठली बाई, मले झापून राह्यली!" आणि गाडीला किक मारून चौकात निघून गेला. रात्री जेवायला आला तेव्हाही त्याचं तोंड फुगलेलंच होतं. देवकाबाईंनी त्याच्या ताटात जास्तीचं तूप घातलं.

वर्षालीनं जेवण उरकलं, घशासाठी मधाचं बोट चाटलं आणि झोपायच्या आधी लॅपटॉपमधला तो बाराचा आकडा स्वतःच्या हातानं काढून टाकला.

*

सकाळी ऊन झरोक्यात आलं तशी ती कापसाच्या खोलीत जाऊन बसली. रात्री वीज गेल्यानं लॅपटॉप अर्धाच भरला होता. घसा अजून खरखरत होता, पण वाचण्याजोगा होता. तिनं पहिलं पान उघडलं आणि सुरू केलं.

तिचं पाचवं-सहावं पान चाललं असेल, तेव्हा दारावर थाप पडली. तिनं वाचन थांबवून दार किलकिलं केलं. बाहेर ताराचंद, भराई करणाऱ्या मजुरांचा मुकादम, आणि त्याच्यामागे गोणपाटाच्या चादरी खांद्यावर टाकलेली माणसं. अंगणाच्या फाटकात गाडी लागलेली होती.

"बाई, जरा बाहेर व्हा. भराले सुरू करतो."

"आत्ता नाही भाऊ. माझं वाचून व्हायचंय."

ताराचंदला आपण नीट ऐकलं की नाही कळेना. त्यानं मागे वळून मालकाकडे बघितलं. चंद्रभान धोतराचा सोगा धरून पुढे आला.

"काय वं वर्षाली? गाडी उभी आहे."

"मामाजी, कालचं सगळं गेलं. आज हे झालं नाही, तर त्या बाईंच्या परीक्षेचं वर्ष जाईल. हा कापूस हलला की या खोलीत वाचता येत नाही. मी इथून उठणार नाही."

आवाज न वाढवता बोलली, पण मजुरांनी ऐकलंच. कुणीतरी खोकलं. देवकाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "चारचौघात!" त्या म्हणाल्या. "शोभते का हे? सचिन, सांग तिले."

सचिन पुढे झाला. "वर्षाली, मी तुले मोबाइलवर रेकॉर्ड करून देतो. आतल्या खोलीत. दारं लावून. चालन ना?"

"आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज येतो, पंख्याचा येतो, आईंच्या भांड्यांचा येतो. ताईला त्यातला प्रत्येक आवाज ऐकू येतो. आपल्याला येत नाही म्हणून तिलाही येत नाही असं नाही."

सचिन तिथंच उभा राहिला. वर्षालीनं दार लावून घेतलं, खाली बसली आणि सहाव्या पानापासून पुढे वाचायला लागली. पानाची कड तिनं घट्ट धरली. बाहेर काय चाललं होतं ते तिला ऐकू येत नव्हतं, कापूस सगळं पिऊन टाकत होता, आणि त्या क्षणी तिला त्याचं बरं वाटलं. 'अपचारी कर्मचाऱ्यास आपले म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी देण्यात यावी,' ती वाचत होती, आणि वाचता वाचता तिला भयंकर राग आला. सगळीकडे लिहून ठेवलेलं असतं. नियमात असतं, पुस्तकात असतं. घरात कुणाच्या लक्षात नसतं.

प्रकरण अर्ध्यावर आलं आणि हेडफोनमधला आवाज थांबला, स्क्रीन काळी झाली.

तिनं पुस्तकात खूण घातली. मग ती उठली, लॅपटॉप छातीशी धरून दार उघडलं आणि बाहेर आली. मजूर अंगणात बाभळीखाली बसले होते. त्यांच्या समोरून, केसांना कापूस चिकटलेला असताना, ती मधल्या घरात गेली, चार्जर लावला, बटण दाबलं. रेकॉर्डिंग उघडं होतं. थांबलेलं, पण जिथं होतं तिथं. एक अक्षर हललं नव्हतं.

ती भिंतीला टेकून खाली बसली. लॅपटॉप भरायला आता तासभर तरी लागणार होता.

चंद्रभान आत आला. त्यानं लॅपटॉपकडे बघितलं, वायरीकडे बघितलं. "हे असंच भरत बसावं लागते का?"

"हो, मामाजी."

"आन आत वायर असती तं नाई लागलं असतं."

"नसतं लागलं."

त्यानं धोतराचा सोगा खोचला. मग म्हणाला, "मी वायर घेऊन येतो. दाराच्या उंबऱ्यापर्यंत. पाण्याची बादली घेऊन मी सोता बसतो तिथं."

हे त्याला किती जड गेलं असेल ते तिला कळलं. कापसाच्या खोलीच्या उंबऱ्यावर वायर, तेही त्यानं स्वतः म्हणायचं. पण तिनं मान हलवली.

"नको, मामाजी. तुमचा नियम मला मोडायचा नाही. तो बरोबर आहे. मी कधी तो चुकीचा म्हटला नाही. मला माझाही तसाच कुणी पाळावा एवढंच हवं होतं."

चंद्रभान तिथून बाहेर गेला. खिडकीतून तिला त्याचा आवाज ऐकू आला.

"आदेश. गाडीवाल्याले सांग, दुपारून भर म्हणा."

"बाबा, तो चिडन. त्याले दुसरीकडं जाचं आहे. कारण काय सांगू?"

"जे झालं ते सांग. तू काय केलं ते सांग."

"मी?"

"मंग कोन? मी केलं का?" चंद्रभान म्हणाला. "आन ताराचंद, चहागिन घ्या तुमी. देवका, चहा ठेव सगळ्याइले."

आदेशनं गाडीवाल्याला काय सांगितलं ते वर्षालीला कळलं नाही. तो फाटकाजवळ बराच वेळ खाली मान घालून बोलत होता आणि गाडीवाला हातवारे करत होता, एवढं तिनं पाहिलं. देवकाबाईंनी चहा केला. मजुरांना दिला, गाडीवाल्याला दिला. सुनेच्या पुढ्यात कप आदळला. पण चहात आलं होतं, घशासाठी.

दुपार उलटताना प्रकरण संपलं. वर्षालीनं सेव्ह केलं, दोनदा ऐकून खात्री केली, गटावर पाठवलं आणि दार सताड उघडलं. "या भाऊ," ती ताराचंदला म्हणाली. माणसं चादरी घेऊन आत शिरली. संध्याकाळी ती झाडू घेऊन खोलीत गेली, तेव्हा तिच्या पावलांचा आवाज चारी भिंतींवरून परत येत होता.

*

दीपमालाताई परीक्षेला बसली. चौकशीच्या प्रकरणावर दोन प्रश्न आले होते आणि दोन्हींची उत्तरं तिनं लेखनिकाला सांगून लिहून घेतली, असा तिचा फोन आला. निकाल लागला तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. त्या पेपरात ती चांगली पास झाली होती. हिशेबाच्या पेपरात थोडक्यात राहिली. "तक्ते होते," ती म्हणाली. "लेखनिकाले तक्ते वाचता येत नव्हते. मी लेखी तक्रार केली आहे. पहिल्यांदाच केली आयुष्यात." मग ती हसली. हिशेबाचं पुस्तक वर्षालीकडे कधी पाठवू, म्हणून तिनं विचारलं.

घरात त्या शनिवारबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही. आदेशनं माफी मागितली नाही. पण त्याच आठवड्यात वर्षालीनं लॅपटॉपला पासवर्ड टाकला, आणि घर त्यावरून जेवढं दुखावलं तेवढं ते गेलेल्या प्रकरणावरून दुखावलं नव्हतं. देवकाबाईंनी शेजारी सांगितलं, बहिणीला फोनवर सांगितलं, जावळ असलेल्या घरी जाऊन सांगितलं. "घरातल्या घरात कुलूप! आपल्याच मानसाइपासून!" वर्षालीनं ऐकलं, आणि पासवर्ड काढला नाही. सचिननं एकदा हळूच विचारलं, मले तरी सांग. तिनं त्यालाही सांगितला नाही. तो दोन दिवस रुसला, मग विसरला.

मॅचचे दिवस आले. एका रविवारी दुपारी ती मधल्या घरात तूर निवडत बसली होती. आदेश दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. लॅपटॉप तिच्या शेजारी मिटून ठेवलेला होता. तो त्याच्याकडे बघत होता, पण हात लावत नव्हता.

"वहिनी," तो म्हणाला, "लॅपटॉप देता का थोडा वेळ? मॅच आहे. मोबाइलवर मजा येत नाई."

"नाही, भाऊजी."

तो थांबला. 'काम आहे', 'बॅटरी कमी आहे', 'नंतर देते' असलं काहीतरी येईल म्हणून तो वाट बघत होता. ते आलं नाही. ती सुपातले खडे वेचत राहिली.

"बरं," तो शेवटी म्हणाला आणि ओसरीवर जाऊन मोबाइलवर मॅच लावून बसला.